अडचण सुटल्याची सही

माझी शालूआत्या तक्रारींना नंबर देते. सकाळी सातला फोन येतो आणि हॅलोबिलो न म्हणता ती सुरू होते, ‘लिही. नंबर एक, तुझ्या बायकोनं पाठवलेल्या चकल्या मऊ पडल्यात. नंबर दोन, तू रविवारी आला नाहीस. नंबर तीन, त्याच्या आधी आलास तेव्हा पंखा चालू ठेवून गेलास.’ मी काही लिहीत नाही, पण ‘हं, लिहिलं’ म्हणतो. तसं म्हटल्याशिवाय ती पुढच्या नंबरावर जातच नाही.

यात तिचा दोष नाही. देवासच्या टेलिफोन ऑफिसात पस्तीस वर्षं ती तक्रारी ऐकायच्या खुर्चीवर बसली. कानाला हेडफोन, पुढ्यात रजिस्टर, तोंडी एकच शब्द, ‘लिखवाइए.’ जगातल्या प्रत्येक गोष्टीत बिघाड असतोच, फक्त तो कुणीतरी नोंदवायचा राहिलेला असतो, असं तिचं ठाम मत झालंय. लग्न केलं नाही. स्थळं आली होती, पण सगळ्यांत काही ना काही निघालं, म्हणते. काय निघालं तेही नंबरवार सांगते. आता पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी असते.

तर अशा बाईला मी आमच्या विद्यापीठाच्या तावडीत दिलं. की विद्यापीठाला तिच्या, हे अजून ठरलेलं नाही.

झालं असं, की आमच्याकडे ‘सामाजिक नवाचार’ नावाचा, म्हणजे लोकांच्या अडचणींवर नवे उपाय शोधायचा, नवा अभ्यासक्रम निघाला. इंजिनिअरिंग, फार्मसी, समाजकार्य, सगळीकडची पोरं एकत्र करायची, तिघातिघांची टोळी करायची, आणि टोळीनं एका घराची एक अडचण वर्षभरात सोडवायची. मी शिकवतो अर्थशास्त्र. माझा गुरुवार रिकामा दिसला म्हणून मला यात गोवलं. नियम मात्र कडक होता. शेवटी परीक्षक घरी येऊन बघणार, आणि ‘माझी अडचण सुटली’ या कागदावर घरच्या माणसाची सही होणार. सही नाही तर मार्क नाहीत.

एका टोळीला घर मिळेना. मी आत्याचा पत्ता दिला.

दीपेश सोनकच्छचा, इलेक्ट्रॉनिक्सवाला. आफरीन समाजकार्याची. मनस्वी फार्मसीची, धारची, घरात मराठी, पण बोलणार ‘मी चाय बनवून देऊ का?’ आणि मराठी वाचायला दिलं की गप्प. पहिल्या गुरुवारी आफरीननं वही उघडून अदबीनं विचारलं, ‘आंटीजी, आपकी समस्या क्या है?’

पस्तीस वर्षांत आत्याला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, ‘लिखो.’

तेवीस नंबर झाले. त्यातला पाण्याचा पोरांनी धरला, आणि तो खराच होता. नळ खाली अंगणात, आत्या वर. पाणी एक दिवसाआड येतं, कधी सकाळी सहाला, कधी दुपारी दोनला. नुसतं आलं का बघायला ही बाई दुखऱ्या गुडघ्यांनी दहादा जिना उतरायची. दीपेशनं नळाखालच्या बादलीत दोन तारा सोडल्या आणि वर खोलीत घंटी बसवली. पाणी आलं, तारा भिजल्या, की घंटी वाजणार. महिन्याभरात काम झालं. पोरं खूश, मीही खूश.

पुढच्या गुरुवारी आत्यानं तक्रार नोंदवली, बादलीत चिमणी अंघोळ करते आणि घंटी वाजते.

दीपेशनं जाळी लावली. मग आवाज फार मोठा आहे, छातीत धडधडतं, म्हणाली. मनस्वी दर गुरुवारी तिचं बीपी बघू लागली, ते नेहमी माझ्यापेक्षा चांगलं निघायचं. आवाज कमी केला तर गल्लीतल्या बायका भांडायला आल्या, कारण अख्खी गल्ली आत्याच्या घंटीवर बादल्या लावायला लागली होती. आफरीननं त्यांची बैठक घेतली. बैठकीला आत्यानं पोहे केले, वर रतलामी सेव. त्यानंतर दर गुरुवारी पोहे ठरलेलेच. मनस्वीला ती भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची पानं वाचायला लावायची. पोरगी अडखळत अडखळत उपासाच्या थालीपिठाची कृती वाचायची आणि आत्या, माळव्यात मुलगा-मुलगी न बघता म्हणतात तसं, म्हणायची, ‘भिया, थांबू नकोस, जळेल ते.’ तिघंही तिला आत्याच म्हणायला लागली होती.

मार्च आला तरी सही होईना. कागद पुढे केला की नवी तक्रार. शेवटची तक्रार अशी, की शनिवारपासून घंटीचा सूर उतरतो आणि बुधवारी तर ती अगदी रडवेली वाजते. दीपेशनं तासभर तपासून मला हळूच सांगितलं, ‘सर, इसमें तो कुछ भी खराब नहीं है.’

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला, ही तक्रारी मुद्दाम काढतेय. आणि मला राग आला. दीपेशला पुण्यात नोकरी लागली होती, पण निकाल हातात असेल तरच जुलैत रुजू होता येणार होतं. शेतकऱ्याच्या घरातला पहिला इंजिनिअर. मी आत्याला फोनवर खडसावलं, ‘सही झाली नाही तर पोराची नोकरी जाईल.’ ती म्हणाली, ‘सही करणारच आहे रे. परीक्षेच्या दिवशी करीन. घाई काय आहे?’

परीक्षेची तारीख एकदम आठवडाभर अलीकडे आली. पोरांना आदल्या दिवशी कळलं. आत्याला सांगायचं मी विसरलो आणि त्या दिवशी सकाळी फोन केला.  ती म्हणाली, ‘आज?’

परीक्षक साठीला टेकलेले गृहस्थ. पोरं त्यांच्याबरोबरच गाडीतून आली, घंटी तपासायलाही सवड नव्हती. पाणी यायचा दिवस होता. आम्ही सगळे वर बसून वाट बघू लागलो. पोहे आले. आत्या वर सेव घालायची विसरली, ते मी वयावर घातलं. बाराच्या सुमारास खाली नळ खाकरला आणि बादलीत धार पडू लागली.

घंटी वाजली नाही.

दीपेशचा चेहरा पांढरा पडला. परीक्षक घंटीकडे बघत होते, आफरीन जमिनीकडे. आणि आत्या उठून उभी राहिली. ‘बज गई,’ म्हणाली.

‘मुझे तो सुनाई नहीं दी,’ परीक्षक म्हणाले.

‘साहब, पैंतीस साल कान की नौकरी की है मैंने. बढ़िया बजी.’

परीक्षकांनी आपल्या उजव्या कानाला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं. मी मास्तर माणूस, तरी बेधडक म्हणालो, ‘हां सर, धीमी बजती है.’ बिचाऱ्यांनी मुकाट्यानं ‘समाधानकारक’ लिहिलं. आत्यानं कागद ओढून घेतला आणि पूर्ण नावानं सही ठोकली. माझी अडचण सुटली. पोरं पाया पडून, परीक्षकांना गाडीपर्यंत सोडायला गेली.

दार लागल्यावर आत्यानं कमरेचा बटवा उघडला आणि वीतभर तार माझ्या हातात दिली.

‘मीच काढली होती,’ म्हणाली. ‘काल. म्हटलं, परीक्षा अजून लांब आहे, बंद पडली की येतील आणखी एकदा. सकाळी तुझा फोन आल्यावर लावायला गेले, तर कुठली कुठं जायची कळेना.’ मग ती खुर्चीवर बसली आणि रडायलाच लागली. ‘माझ्यापायी त्या पोराचं वाटोळं झालं असतं रे. एका गुरुवारापायी.’

 तारीख न कळवणारा तर मीच. आणि हिला एकटं वाटत असेल हे सगं भाचरू असून मला वर्षभर दिसलं नव्हतं, याची लाज वाटली. ती तार मला कुठली लावता येणार? मी दीपेशला फोन लावायला घेतला.

‘नको,’ ती डोळे पुसत म्हणाली. ‘सही केलीय मी. आता त्यांना बोलवायला कारण नाही.’

मी तरी लावला. म्हटलं, बस स्टँडवर पोचला असशील, पण जमलं तर परत ये.  दीपेश म्हणाला, ‘सर, हम तीनों तो यहीं नुक्कड़ पे खड़े हैं. परीक्षक साब कब के निकल गए. जाने का मन ही नहीं हो रहा.’

मी ते आत्याला जसंच्या तसं सांगितलं. ती खिडकीशी गेली, गज धरून तिनं खाली वाकून बघितलं.

‘उन्हात काय उभे राहिलेत मूर्खासारखे,’ म्हणाली. ‘वर या म्हणावं त्यांना.’