बारा झाडांची पंगत

पेठ वडगावातल्या घरामागच्या परड्यात कुंड्यांमध्ये लावलेली ऑलिव्हची बारा झाडं होती. सहांना तांबडी फीत, सहांना पांढरी. बाराही झाडांच्या पानांवर बुरशीचे काळपट गोल ठिपके. पायरीवर फवाऱ्याच्या दोन बाटल्या: एकीत साबणाच्या पाण्यात घुसळलेलं ओव्याचं आणि लवंगेचं तेल, दुसरीत नुसतं साबणाचं पाणी. तांबड्यांना तेल, पांढऱ्यांना पाणी. महिनाभराने पृथ्वीराज सर फरक बघायला येणार होते. फरक दिसला तरच आदितीला त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करता येणार होती.

आठवड्याभरात तांबड्यांवर नवे ठिपके येणं थांबलं. आदिती हरखली. मग तिने पांढऱ्यांची पानं पाहिली. तिथंही नवा ठिपका नव्हता. तिने वाकून वास घेतला. झाड पोटदुखीच्या औषधासारखं घमघमत होतं.

"काकू!"

त्रिशलाकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "का गं बोंबलतीस?"

"ह्या झाडांना तेल कुणी मारलं?"

"मी. तू कॉलेजला गेलीस की मारतोय. एका पंगतीत बाराजण बसवायचे, सहाजणांना वाढायचं आणि सहाजणांपुढं नुसतं पाणी? असला दुजाभाव ह्या घरात कधी झाला न्हाय."

"पण काकू, ती तुलनेसाठी ठेवलीत! त्यांच्यावर रोग राहायलाच पाहिजे!"

"म्हंजे मुद्दाम आजारी पाडतीस?" काकूंचा आवाज चढला. "पर्युषणात उपास करतीस, आणि परड्यात हे धंदे?"

भिंतीपलीकडून शेजारच्या अंबूबाईंनी मान वर काढली. "काय झालं वो?"

"आमच्या पोरीनं सहा झाडं मारायला काढल्यात."

"अगं बया! एवढं शिकून?"

संध्याकाळपर्यंत बातमी बाजारपेठेत पोचली. आदितीचे वडील तात्यासो दुकान बंद करून आले ते तावातावानेच. "तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, पोरगी झाडांना उपाशी ठेवती व्हय म्हणून!"

"तात्या, सगळ्यांनाच औषध दिलं तर झाडं तेलानं बरी झाली की आपोआप, हे कळणार कसं?"

"बरी झाली न्हवं? मग कळून काय करायचंय?"

आदितीचा संताप डोळ्यांतून वाहू लागला. ओवा, लवंग, गवती चहा, सगळ्यांची तेलं तिने प्रयोगशाळेत बुरशीवर घालून पाहिली होती. आणि इथं घरच्यांनीच तिचा प्रयोग मायेने बुडवला होता. ती ताटावरून उठली. तेव्हा कुठं काकू नरमल्या.

"बस खाली. पांढऱ्यांना तेलाचा थेंब लावणार न्हाय. शपथ."

काकूंनी घेतलेला नेम मोडलेला घरात कुणी पाहिला नव्हता. आदितीने तेल तरीही कपाटात कुलूपबंद केलं, सगळी पानं नव्याने मोजली आणि रोज पहाटे अंधारातच स्वतः फवारणी करून स्कूटीवरून कोल्हापूरला जाऊ लागली.

ठरल्या रविवारी सर आले. खिशातून भिंग काढून त्यांनी तांबड्या फितीचं पहिलं झाड पाहिलं. दुसरं पाहिलं. तिसऱ्यापाशी भिंग पुसलं.

"आदिती, फवारणी चुकली का?"

"एकही नाही, सर!" तिने फांदी ओढून पाहिली आणि आदिती जागच्या जागी उसळली. "काकू! झाडांना हात लावलात?"

"नेम मोडीन व्हय मी? थेंब न्हाय लावला."

"मग तांबड्यांवर नवे ठिपके आले कुठून?"

"तांबड्यांची शपथ कुठं घेतलेली?" काकू शांतपणे म्हणाल्या. "सहांना मिळायचं न्हाय म्हटल्यावर बाकीच्यांनी तरी का जेवावं? तू गेलीस की तांब्या घेऊन धुवून काढतोय. एकेक पान, वास जाईस्तोवर. पाणीबी गाळून घेतल्यालं." त्या सरांकडे वळल्या. "पंगत सारखी पायजे का नको, पावणं? तुम्हीच सांगा की."

भिंतीपलीकडून अंबूबाई म्हणाल्या, "बरोबर हाय."

सरांनी आदितीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि भिंग आदितीच्या हातात दिलं.

"मोज," ते म्हणाले.

तांबडी फीत: शंभर पानांमागे नवे ठिपके बेचाळीस. पांढरी फीत: शंभर पानांमागे नवे ठिपके बेचाळीस.