पावणेचार फूट बर्फ

तपासनीस साहेब दहाला येणार होते आणि काकासाहेब सर साडेनऊपासूनच शाळेच्या गच्चीवर विमान होऊन बसले होते. गच्चीच्या खाली हौद होता, हौदात बर्फाची लादी तरंगत होती. तो ध्रुवावरचा समुद्र. भारताची माणसं अंटार्क्टिकावर जाऊन आल्यापासून सरांना दुसरं काही सुचतच नव्हतं. बर्फाचा दहावा हिस्सा पाण्याच्या वर राहतो. तेवढा विमानातून मोजायचा, दहाने गुणायचं, की झाली जाडी! आजचा प्रयोग जमला, तर जिल्हाभर प्रात्यक्षिकं दाखवणाऱ्या शिक्षकाची जागा त्यांना मिळणार होती. तसं त्यांनी अर्ध्या हर्सूल गावाला आधीच सांगूनही ठेवलं होतं.

लादी चिकलठाण्याच्या कारखान्यातून शिपाई बिरूने आणली होती. बर्फ भुशाखालीच ठेवायचा, उघडा टाकलास तर पाणी होईल, असं तिथल्या हमालांनी त्याला बजावलं होतं.

"बिरू, वरून नुसतं पांढरंशुभ्र दिसलं पाहिजे. भुसा दिसता कामा नये!" सर जिना चढता चढता ओरडले.

"व्हय, सर," बिरू म्हणाला, आणि त्याने भुशावर आपलं धुतलेलं धोतर अंथरलं.

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाने शहरातला क्रांती चौक भरून गेला होता. साहेबांची जीप पोचायला बारा वाजले. तोवर गच्चीवर सर आणि हौदात बर्फ, दोघेही बऱ्यापैकी वितळले होते.

अखेर मुलं, पालक आणि पहिल्या खुर्चीत सरांचे सासरे पुंजाराम पाटील, अशा सगळ्यांसमोर सरांनी खुणा केलेल्या दोरीचा ओळंबा खाली सोडला. आधी पाण्यापर्यंत, मग पांढऱ्यापर्यंत. फरक साडेचार इंच.

"साडेचार गुणिले दहा, पंचेचाळीस!" सर गरजले. "बर्फाची जाडी पावणेचार फूट!"

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर बिरू खालून म्हणाला, "सर, हौद अडीच फुटाचाच हाय."

"शास्त्र मी शिकवतो की तू?"

"शास्त्र तुमीच, सर. पन हौद मी घासतो."

"जावईबापू," पुंजाराम पाटलांनी विचारलं, "मंग खालचा सव्वा फूट बर्फ जमिनीत पुरला का काय?"

हशा उसळला. सर दणादणा जिना उतरून हौदापाशी आले. बिरूने धोतराखाली हात घातला आणि मूठभर भुसा काढून दाखवला. वरच्या साडेचार इंचांत बर्फ औषधालाही नव्हता. तो होता भुशाखाली, जेमतेम वीतभर.

"मेंढरू इकत घेताना आमी धनगर आधी लोकरीत बोटं घालतो, सर," बिरू हळूच म्हणाला. "वरून समदीच जाड दिसत्यात."

सरांचे कान तापले. चुकल्याची लाज होतीच. पण ज्याचं खरं होतं त्याच्यावरच चारचौघांत खेकसलो, ही लाज त्याहून मोठी होती. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात तपासनीस साहेब टाळ्या वाजवत उठले. "वा! ध्रुवावर शास्त्रज्ञांना हाच तर घोळ निस्तरावा लागतो. बर्फावर हिम साचतं, ते वजा केलं नाही तर जाडी भलतीच भरते. तुम्ही तर ती चूकच मुद्दाम करून दाखवलीत!"

"नाही साहेब," सर खाली मान घालून म्हणाले, "मी खरोखरच चुकलो. मला कळलं नाही ते बिरूला कळलं."

"आणि वर हा विनय!" साहेब म्हणाले.

जागा सरांनाच मिळाली. अट एकच होती, प्रयोग चुकीसकट आणि बिरूसकट दाखवायचा. तेव्हापासून शाळेशाळेत सर "पावणेचार फूट!" म्हणून गरजतात, बिरू हौदाची खोली सांगतो आणि लोक पोट धरधरून हसतात.

सोयगावला सतरावा प्रयोग झाला. तिथले हेडमास्तर खूश होऊन म्हणाले, "सर, बाकी समदं ऱ्हाऊ द्या, पन तुमचं तोंड लई झकास पडतं! अगदी खरं वाटतं."

"सवयीनं जमतं," सर पुटपुटले आणि ओलं धोतर पिळू लागले. धोतर बिरूचं होतं; पिळायचं काम मात्र पहिल्या दिवसापासून सरांनी स्वतःकडे मागून घेतलं होतं.