फळ्यावरचा कळणा

मयताला गेलेल्या माणसाने गप्प उभं राहावं, एवढीच लोकांची अपेक्षा असते. आमच्या नानांकडून तीही पूर्ण होत नाही. चौघे वाकून खांदा द्यायला लागले, की नाना त्यातल्या एकाला हळूच विचारतात, "तिरडी. मूळ काय या शब्दाचं?" तो बिचारा एका हाताने बांबू आणि दुसऱ्या हाताने डोळे सांभाळत असतो. नाना त्याच्या बरोबरीने चालत स्मशानापर्यंत मूळ सांगतात. परत येताना दुसरंच सांगतात.

नाना भडगावला एका सरकारी कचेरीत कारकून होते. शेतकरी दाखला मागायला आला, की 'दाखला' हा शब्द अरबीतून कसा आला ते त्याला आधी ऐकावं लागे. ऐकून होईपर्यंत साहेब जेवायला गेलेले असत. निवृत्त झाल्यावर ते धुळ्याला आमच्या कॉलनीत आले. माझ्या दुर्दैवाने भिंतीला भिंत लागून.

त्यांच्या सांगण्यातलं अर्धं खरं असतं आणि अर्धं डोक्यातलं. ऐकणाऱ्याला फरक कळू नये म्हणून आवाज मोठा. साबण पोर्तुगीज, पगार पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज. "मग आपलं काय?" मी एकदा वैतागून विचारलं. "मुळाशी जा, सेक्रेटरी, मुळाशी जा!" मी कॉलनीचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे मला नाव उरलेलं नाही. कोपऱ्यावरच्या मारवाडी शेठनी मात्र त्यांना बरोबर ओळखलं होतं. नानांनी 'शेव' कुठून आली असं विचारलं, की शेठ म्हणायचे, "नाना, आमची मागच्या खोलीतून येते. तिखट देऊ की साधी?"

नानांची बायको म्हणजे अक्का. त्या साक्रीकडच्या खेड्यातल्या, तोंडात गोड अहिराणी. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊ, चहा लेतस का?" नाना लगेच ओरडले, "अगं, 'घेता का' म्हण! लोक काय म्हणतील?" जगभरच्या शब्दांची मुळं उकरणाऱ्या या माणसाला घरातल्या बोलीची लाज वाटायची. मला तेव्हाच त्यांचा राग आला होता. पुढे पुढे अक्का पाहुण्यांसमोर बोलेनाशाच झाल्या. चहा ठेवायच्या, मान हलवायच्या आणि आत जायच्या. बोलायच्या त्या फक्त कुत्र्याशी. ते कुत्रं गल्लीतलंच, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसारखं काळपट, म्हणून अक्कांनी त्याचं नाव कळणा ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. त्या दिवशी मात्र नानांनी कुणालाही तिरडीचं मूळ विचारलं नाही.

पण गप्प बसतील तर ते नाना कसले! आमच्या कॉलनीत मारुतीच्या देवळाबाहेर एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी सुविचार लिहायचा रिवाज आहे. तो लोक वाचतात आणि दिवसभर त्याच्या उलट वागतात, तरी रिवाज तो रिवाज. हे काम नानांनी मागून घेतलं. आठ दिवस 'सत्य', 'श्रम' वगैरे झालं. नवव्या दिवशी फळ्यावर हे आलं:

सेक्रेटरीनं गेट माले भलतं आवडस,
रोज सकायले त्याले मी आंघोय घालस.
— कळणा

कॉलनी हसली. मी फाटक धुतलं. तेव्हापासून सुविचार संपले आणि कुत्र्याच्या कविता सुरू झाल्या. त्याही अहिराणीत! जन्मभर बायकोला टोकणारा माणूस आता कुत्र्याच्या तोंडून अहिराणी बोलत होता. माझ्या मते हा शुद्ध निर्लज्जपणा होता. यमकं तर अशी, की कुत्र्यानेही सही करताना विचार केला असता.

धल्ला शोधस शब्दनं मूय,
चहावर बसनी माशी नि धूय.

धल्ला म्हणजे म्हातारा, म्हणजे नाना स्वतः; आणि मूय म्हणजे मूळ. स्वतःचीच टिंगल करतात म्हणून लोकांना कौतुक. मला नव्हतं. मी सभा बोलावली आणि 'फळ्यावर फक्त सुविचार' असा ठराव करून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फळ्यावर होतं:

बटन तुटेल, दाढी वाढेल,
कालना सदरा आजबी घालेल;
जेवाले बस, भाकर थंडी व्हस,
शब्दवर काय पोट भरस?

'तुटेल' म्हणजे तुटलेलं, 'वाढेल' म्हणजे वाढलेली; आणि नाना तसेच शेजारी उभे होते. मी त्यांच्यादेखत फळा पुसला आणि खडूचा डबा घरी घेऊन आलो. ते भांडतील असं वाटलं होतं. पण ते वरचं बटण नसलेला सदरा चाचपत घरी गेले, ते पाच दिवस बाहेरच आले नाहीत. कळणा मात्र रोज सातला येऊन कोऱ्या फळ्याखाली बसायचा.

"कुत्र्याला काय करायचंय बटणाशी!" मी घरी बायकोला ती कविता ऐकवून हसत होतो. ती हसली नाही.

"कुत्रं नाही बोलत ते," ती म्हणाली. "अक्का बोलतात. कुत्र्याशी बोलताना नानांना ऐकवायच्या, रोज दुपारी भिंतीतून हेच ऐकू यायचं. जेवाले बस, भाकर थंडी व्हस. तुम्ही ऑफिसात असायचात."

मी ताटावरून उठून शेजारी गेलो. नाना खुर्चीत बसले होते, पायाशी कळणा. टेबलावर झाकलेलं ताट होतं.

"नाना, तुम्ही मला सांगायचं होतं."

"काय सांगू, सेक्रेटरी? मी तिला बोलू दिलं नाही. ती बोलली ती याच्याशी." त्यांनी कळण्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आता तिचं बोलणं आठवणारे आम्ही दोघेच. मला ते माझ्या तोंडाने बोलायची लाज वाटते, आणि याला लिहिता येत नाही."

मला माझी लाज वाटली. ठराव माझा, फडकंही माझं.

दुसऱ्या दिवशी सहालाच मी देवळापाशी गेलो. भिंतीतून शिकलेल्या अहिराणीत बायकोने मजकूर सांगितला होता, अक्षर माझं, म्हणजे वाईटच:

पाच दिन व्हयनात, धल्ला कोठे शे?
फळा कोरा, माले करमत नही शे.
— कळणा

सातला कळणा आला. त्याच्या मागून, बऱ्याच वेळाने, नाना आले. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"कळणा म्हातारा झाला," ते म्हणाले. "अक्षर पार बिघडलं त्याचं."

आणि त्यांनी खडूसाठी हात पुढे केला. मी डबाच दिला.