एकल्या मोहाची बाटली

डोमाजीभाऊंच्या दुकानात दारू मागायला गेलेल्या माणसाला आधी आपण काय जेवलो ते सांगावं लागे. खोटं बोलून भागत नसे, कारण ते तोंडाचा वास घेत. भाकर-ठेचा खाऊन आलेल्याला बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या मोहाची मिळे, मासळी खाऊन आलेल्याला टेकावरची, आणि बेसन खाऊन आलेल्याला काहीच मिळत नसे. "बेसनावर दारू म्हणजे देवळात जोडे," असं म्हणून ते त्याला सरळ घरी धाडत. गिऱ्हाईक चिडून शेजारच्या गावी गेलं, तर ते त्याला वाट दाखवायला दारापर्यंत येत.

कुरखेड्याच्या पलीकडे रानाला टेकलेल्या त्या गावात सरकारी ठेक्याची भट्टी डोमाजीभाऊंची होती, आणि तिच्या समोरच्या ओसरीत माझं शिलाईचं मशीन होतं. मी मूळचा चांद्याचा. मालगुजारी गेली त्या सुमाराला, बाजाराच्या गावी धंदा बरा चालेल म्हणून इथे येऊन बसलो. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी दारूला शिवलेलं नाही. तरी मोहाच्या दारूबद्दल मला जितकं ऐकावं लागलं तितकं आबकारीच्या दरोग्यालाही लागलं नसेल. मी एकदा वैतागून विचारलं, की बाबा, मलाच का हे सगळं सांगता?

"तुम्ही पेत नाई म्हणून, मास्टर," ते म्हणाले. "पेणारा मले खूश कराले खोटं बोलते."

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बोडीच्या काठाला काळी चिकण माती. झाडांचे पाय बारा महिने ओले, म्हणून फूल टपोरं आणि दारू गोडसर, हळूहळू चढणारी. टेकावर नुसता मुरूम. तिथलं झाड उन्हाशी भांडत वाढतं, फूल बारीक, आणि दारू सरळ कपाळात जाते. दोन्हीकडची फुलं ते कधी एका मडक्यात भिजवत नसत. "तेच मोह, तेच मडकं, तेच पाणी, मंग चव दुसरी काऊन?" असं विचारून ते थांबत, आणि मी उत्तर देणार नाही याची खात्री झाली की स्वतःच सांगत, "जागा बोलते."

ही जागा सगळीकडेच बोले. मी शिवलेला पायजमा उसवला, तर दोरा चांद्याचा होता, त्याला इथली हवा सोसली नाही, जागा बोलते. पुतण्याला सोयरीक आली तेव्हा त्यांनी मुलगी पाहण्याआधी मुलीच्या गावची विहीर पाहिली, चूळ भरली आणि उठून आले. "पाणी मचूळ हाय. पोरगी भांडन." पुतण्यानं त्याच मुलीशी लग्न केलं आणि सुखानं नांदला, पण डोमाजीभाऊ अखेरपर्यंत तिच्या भांडणाची वाट पाहत होते.

त्यांची जीभ कधीच चुकत नसे, अशी गावाची समजूत होती. माझी नव्हती. एकदा जंगलाच्या गार्डानं वडशाकडची कुठली तरी बाटली आणून गुपचूप त्यांच्यापुढे ठेवली. भाऊंनी जिभेवर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, "टेकावरची. उतरत्या अंगाच्या झाडाची." गार्ड पोट धरून हसला. भाऊंच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. "म्हणजे त्या भागातल्या लोकायनं माहे फुलं चोरले," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे काठी घेऊन चोर धरायला टेकावर जाऊन बसू लागले. एका सकाळी ते धावत परत आले तेव्हा अंगावर धोतर नव्हतं. फुलं खायला अस्वल आलं होतं. "चोर सापडला," एवढंच सांगून ते आत गेले.

हसू नका, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. त्या मुलखात माणूस मेलं की आधी दारू लागे. गोंडांच्या घरी तर तिच्याशिवाय मयत उठत नसे. मेलेल्याचा वाटा जमिनीवर सांडायचा, मग जिवंतांनी प्यायची. हिवतापाच्या दिवसांत भाऊंच्या दाराशी रडणारी माणसं रोज येत, आणि भाऊ त्यांनाही विचारत, "कसं होतं माणूस?" सारं गाव एकमेकांना ओळखणारं, तरी विचारत. कजाग म्हातारीसाठी ते टेकावरची देत. "बुडीले बोडीची नेली त तिले पटनार नाई, अर्ध्या वाटेतून वापस येईन." आणि रडता रडता त्या घरचे हसत. मला ते निर्दय वाटायचं. पण लोक तिथे त्या हसण्यासाठीसुद्धा येत असावेत, असं आता वाटतं.

फक्त लहान मूल गेलं असेल तर ते काही विचारत नसत. "पायजे ते न्या," म्हणत आणि आतल्या खोलीत निघून जात. मग त्यांची बायको जनाबाई बाटली भरून देई.

आता एकल्या मोहाबद्दल सांगतो. गावाबाहेर, नदीकडे जाणाऱ्या गाडीवाटेला, मोकळ्या माळावर मोहाचं एकच झाड होतं. त्याची फुलं भाऊ स्वतः वेचत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. वेगळ्या लहान मडक्यात भिजवत आणि त्यातून जेमतेम एक बाटली काढत. ती निघाली की टोपणभर जिभेवर घेऊन बराच वेळ घोळवत. मग आत तोंड करून ओरडत, "हाय वो, हाय!" आतून उत्तर येत नसे, पण जनाबाईच्या पाट्यावरचा वरवंटा तेवढा वेळ थांबलेला असे आणि पुन्हा सुरू होई.

ती बाटली वर्षभर धानाच्या कोठीत राही आणि पुढच्या चैत्रात भाऊ ती त्याच झाडाच्या बुंध्याशी ओतून येत. कोणाला थेंब नाही. साहजिकच तिची कीर्ती पसरली. न चाखलेल्या दारूइतकी चांगली दारू जगात नाही. नागपूरचे साहेब तिच्यासाठी निरोप धाडतात, असं गावात बोललं जाई. पाटलांनी तिच्या बदल्यात दुभती म्हैस देऊ केली, तर भाऊ म्हणाले, "म्हशीले चारा कोन घालन?" मला वाटे, हा सगळा धंद्याचा डाव आहे. दुकानात एक वस्तू न विकण्यासाठी ठेवली, की बाकीच्यांची पत वाढते.

मग एका उन्हाळ्यात लाकडाच्या ट्रकांसाठी रस्ता निघाला. ठेकेदाराचा ओव्हरसियर जंगलखात्याच्या बंगल्यावर येऊन उतरला, त्याच्या माणसांनी आखणीच्या दोऱ्या लावल्या, आणि एके दिवशी एकल्या मोहाच्या खोडावर गेरूची फुली दिसली. माळ एवढा मोठा, की रस्ता चार हात सरकला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण दोरी तिथून गेली होती.

भाऊंनी दुकान उघडलं नाही. लोक येऊन परत गेले. मी पलीकडे जाऊन म्हटलं, "भाऊ, ओव्हरसियर पिणारा आहे. तुमच्या त्या बाटलीचं नाव त्यानंही ऐकलंय. देऊन टाका आणि झाड सोडवा."

"थे बाटली पेण्यासाठी नाई, मास्टर."

"मग काय पूजेसाठी आहे?"

ते उठून आतल्या खोलीत गेले. मला रागच आला. आयुष्यभर दारू विकली आणि झाडावर बेतलं तेव्हा बाटली जड झाली, असं मनात म्हणत मी मशीनवर येऊन बसलो.

दुपारी जनाबाई आली. माझ्या ओसरीच्या पायरीवर बसली, पदर सारखा केला, आणि खाली बघतच बोलू लागली.

"आमाले पोरगी झाली होती, मास्टर. तुमी यायच्या आंधी. अंगावर पेत होती, दात बी आले नोते. हिवतापानं गेली. मले त पाना फुटे, पेणारं कोनी नाई." तिनं पायरीवरची एक चिंधी उचलून तिची घडी केली. "सुईण गोंडाची बुडी होती. तिनं सांगतलं, पेतं लेकरू मोहाखाली मातीत ठेवा, मोहाच्या सालीत दूध रायते, लेकरू उपाशी रायत नाई. मंग तिले थ्या एकल्या मोहाखाली ठेवलं. तवापासून हे दरसाल थ्याचं फूल चाखतेत. गोड निंगलं त समजाचं, दूध हाय, पोरीले पुरून राह्यलं."

मी कात्री खाली ठेवली.

"माह्यं ऐकत नाईत," ती म्हणाली. "तुमी सांगा. बाटली जाऊ द्या म्हना, झाड राहू द्या. दूध झाडात हाय, बाटलीत नाई."

हे शहाणपण मी जसंच्या तसं भाऊंना जाऊन सांगितलं. त्यांनी उठून कोठीतून बाटली काढली. मग त्यांनी माझ्याकडे कोरं मांजरपाट मागितलं, त्यात बाटली गुंडाळली आणि म्हणाले, "तुमी संग चाला. मले सायबासंग बोलता येत नाई."

बंगल्याच्या व्हरांड्यात ओव्हरसियर आणि तो गार्ड बसले होते. मध्ये ताटलीत भजी होती. ती आधी मला दिसली. भाऊंनीही पाहिली. बेसनाची भजी. पण त्या दिवशी त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. बाटली टेबलावर ठेवली, हात जोडले आणि जमिनीवर बसले. मीच सगळं बोललो, फक्त पोरीचं सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

"बघू तर खरं," ओव्हरसियर म्हणाला. "नावासारखी असली तर दोरी सरकवू. त्यात काय आहे!"

त्यानं तोंडात भजं असतानाच ग्लास भरला. मोठा घोट घेतला, गालात खुळखुळवला आणि व्हरांड्याबाहेर धुळीत थुंकला.

"ही? हिचं एवढं नाव? पुचाट आहे."

डोमाजीभाऊ उठले. "थुकू नका, सायब," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. पुढे होऊन त्यांनी बाटली उचलली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"ठेव खाली," ओव्हरसियर म्हणाला. "तुझं झाड तिच्यावर आहे, विसरलास का?"

मी मनात अल्लाला साकडं घातलं की याला ती खाली ठेवू दे. भाऊंनी ठेवली नाही. ते पायऱ्या उतरले, थुंकी पडली होती तिथे उकिडवे बसले आणि ती ओली माती बोटांनी खरवडून उपरण्याच्या टोकात बांधू लागले. वर गार्ड खो खो हसत होता. ओव्हरसियरनं पुन्हा आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वाटेत मी त्यांना नाही नाही ते बोललो. एक थुंकी गिळली असती तर झाड वाचलं असतं, तुमची जीभ, तुमचा ताठा, त्यापायी सगळं घालवलंत, म्हटलं. ते ऐकत चालले. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, "लेकीच्या तोंडचं होतं, मास्टर." माझा राग तरी तसाच होता. ओव्हरसियरचा होता, भाऊंचा होता, आणि चार हात न सरकलेल्या त्या दोरीचाही होता.

त्याच आठवड्यात झाड तोडलं. गावातला एकही माणूस कुऱ्हाड धरायला तयार झाला नाही, तर ठेकेदारानं बाहेरची माणसं आणली. मी दुकान बंद करून गेलो. डोमाजीभाऊ आणि जनाबाई वाटेच्या कडेला उन्हात बसून होती. झाड पडलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. मजूर बिड्या ओढायला बाजूला गेले, आणि मग भाऊ एकटेच उठून बुंध्याजवळ गेले. वाकून पाहत राहिले.

"जने," त्यांनी हाक मारली. "इकडे ये वो. पाह्य."

मीही गेलो. तुटलेल्या बुंध्याच्या कडेनं, सालीतून पांढरं दूध पाझरत होतं. ठिकठिकाणी थेंब धरत होते, फुगत होते आणि ओघळून खाली मातीत जात होते.

"पाह्य, किती हाय," भाऊ म्हणाले. "उपाशी नोती आपली."

जनाबाई गुडघ्यांवर बसली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सालीवरचा ओघळ पुसला. दुसरा आला. तोही पुसला. तिसऱ्याकडे हात गेला तेव्हा भाऊंनी तिचं मनगट धरलं.

"पुसू नको," ते म्हणाले. "पेऊ दे तिले."