डाव्या बाजूचा विक्रीकर

लीजवर घेतलेली गाडी फक्त उजवीकडे वळते. डावीकडे वळायला ती मालकीची असावी लागते. उंबरखेडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि विश्रामराव सबनीसांनाही शोरूममधल्या माणसाने ते सांगितलं होतं. तरी गाडीचा आमसुली रंग त्यांच्या मनात असा भरला, की सही करून ते मोकळे झाले. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं वळणही नसावं.

तसं फारसं काही अडलं नाही. ऑफिसला जाताना बाजारचौकात डावीकडे जायचं असे. विश्रामराव चौक ओलांडून पुढे जात, मारुतीच्या देवळाला वळसा घालून उजवीकडे, परत उजवीकडे, परत उजवीकडे असे फिरून चौकात येत आणि सरळ निघून जात. गावात त्यांना उजवे सबनीस म्हणू लागले. दुसरे सबनीस विम्याचं काम करत आणि लोक चुकून ह्यांच्या घरी येत, ते तेवढ्याने थांबलं.

अडलं होतं ते अक्काच्या गल्लीशी. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. तिची गल्ली तोंडाशीच डावीकडे वळते. एका अंगाला शाळेची भिंत, दुसऱ्या अंगाला ओढा. तिथे वळसा घालायला जागाच नाही. अक्काचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिला रस्त्यापर्यंत चालवत नसे. दर भाऊबीजेला विश्रामराव गाडी बाहेर लावून पायी आत जात, ओवाळून घेत आणि परत जाताना त्यांचा पाय निघत नसे.

“रिक्षाने चल ना तेवढं कोपऱ्यापर्यंत,” ते म्हणत.

“रिक्षा रिक्षावाल्याची. मला भावाच्या गाडीत बसायचंय, तेही माझ्या दारातून.”

एकदा त्यांनी गाडी उलटी घालायची शक्कल काढली होती. मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडेच फिरवलं तरी गाडी त्या वळणातून आत जाते. निम्मी गल्ली सर झालीसुद्धा होती. पण अक्काने खिडकीतून बघितलं आणि जागच्या जागी ओरडली, “बहिणीच्या दारात कुणी पाठ करून येतं का रे? माघारी जा आधी!” ते माघारी गेले.

यंदा मात्र गोष्ट निकराची होती. दिवाळीनंतर अक्काचा मुलगा तिला कायमचं बडोद्याला नेणार होता. ह्या दारातली ही शेवटची भाऊबीज. नेमकी लीजची मुदतही त्याच सुमारास संपत होती. विश्रामरावांनी गाडी विकत घ्यायचं ठरवलं आणि परिवहन कार्यालयात चांदोरकर बाईंसमोर जाऊन बसले.

“उजव्या बाजूचा विक्रीकर तुमच्या भाड्यातूनच गेलाय,” बाई म्हणाल्या. “डाव्या बाजूचा राहिला.”

“पण गाडी जुनी आहे. घसारा वजा होईल ना?”

बाई खाली आवारात आल्या. गाडीत बसून त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवून बघितलं. ते तसूभरही हललं नाही.

“डावी बाजू कोरी आहे,” त्या म्हणाल्या. “कोऱ्या मालाला घसारा नाही.”

विश्रामरावांनी कर भरला. आपल्या दारात एवढे दिवस नवंकोरं काहीतरी उभं होतं, ह्याचा त्यांना उलट आनंदच झाला.

“आता मालकी,” बाई म्हणाल्या. “तुम्ही रोज मारुतीला वळसा घालत होतात?”

“नाइलाज होता.”

“देव उजव्या हाताला ठेवून?”

“दुसरीकडे वळतच नव्हती ना ती.”

“मग त्या प्रदक्षिणा झाल्या. भरपूर पुण्य साठलंय. गाडी कंपनीची, म्हणून पुण्यही कंपनीचं. गाडी तुमच्या नावावर केली, तर ते फुकट तुमच्याकडे येतं. त्यांची ना-हरकत लागेल.”

“अहो, पण गाडी मी चालवत होतो!”

“नमस्कार केलात का?”

“हात स्टिअरिंगवर होते.”

“मग नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चहा मागवला. वाईट बातमी दिली की समोरच्याला चहा पाजायचा, असा त्यांचा नेम होता.

लीज कंपनीचे दाभाडे फोन ऐकून दुसऱ्याच दिवशी पुण्याहून हजर झाले. तरतरीत माणूस. त्यांनी गाडीभोवती फिरून, टपावर हात ठेवून पुण्याचा अंदाज घेतला आणि मान हलवली. “नाही जमायचं, सबनीस साहेब. कंपनीकडे सध्या दुसरं पुण्यच नाही. गाडी न्या, पण हे आम्ही सोडणार नाही.”

गाडी न्यावी तर पुण्य आत, पुण्य काढावं तर निघत नाही. भाऊबीज तोंडावर आलेली. विश्रामराव घरी येऊन नुसते बसून राहिले. त्यांना मनापासून रडू येत होतं, आणि थोडं आलंही.

“अहो, त्यात काय एवढं?” त्यांच्या पत्नी, नलूताई, करंज्यांचा डबा भरता भरता म्हणाल्या. “पुण्य दान करता येतं. दान केलं की दानाचं पुण्य वेगळं लागतं. त्यांना म्हणावं, जुनं द्या आणि नवं घ्या.”

परिवहन कार्यालयात दाभाड्यांना हे सांगताच त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे एक्सचेंज! आधी नाही का सांगायचं?”

“दान कोणाला?” चांदोरकर बाईंनी विश्रामरावांना विचारलं. “तुम्हाला दिलं, तर तुम्हाला कर. वयस्क बाईमाणसाला माफ आहे.”

“अक्काला,” विश्रामराव एका दमात म्हणाले.

बाईंच्या टेबलावरच सोहळा झाला. चहाची बशी ताम्हण म्हणून ठेवली. दाभाड्यांनी बूट काढले, ओंजळ धरली. शिपायाने पेल्यातून पाणी घातलं आणि दाभाड्यांनी “इदं न मम” म्हणून ते बशीत सोडलं. बाहेर उभी असलेली गाडी किंचित वर उचलल्यासारखी झाली. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“लक्षात ठेवा,” बाईंनी मालकीच्या कागदावर शिक्का मारला. “उजवीकडे वळलं की पुण्य साठतं, डावीकडे वळलं की खर्च होतं. पुण्य आता अक्कांचं आहे. त्यांना विचारल्याशिवाय डावीकडे वळायचं नाही.”

भाऊबीजेला सकाळी विश्रामराव गल्लीच्या तोंडाशी थांबले. शेजारी नलूताई होत्या. विश्रामरावांनी फोन लावला.

“अक्का, वळू का?”

“कुठे?”

“डावीकडे. तुझ्या दाराकडे.”

अक्काचा आवाज फोनमधून आला, तसा गल्लीतूनही ऐकू आला. “अरे मेल्या, विचारतोस काय? वळ की!”

विश्रामरावांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. लोण्यातून सुरी जावी तसं ते फिरलं. शाळेची भिंत बाजूला सरली आणि अक्काचं दार समोर आलं. दारात पाटाभोवती रांगोळी होती आणि हातात ताट घेऊन अक्का खुर्चीत बसली होती. तिने आधी भावाला ओवाळलं, मग गाडीला. सुपारी भावाभोवती फिरवली तशी गाडीच्या दिव्यांभोवतीही फिरवली. दोघांनाही कुंकू लागलं. नलूताई मागे जाऊन बसल्या आणि अक्काला पुढे बसवलं. शेजारच्या गॅलरीतल्या बायकांना अक्काने राणीसारखा हात हलवून दाखवला.

गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली.

“आता कुठे नेऊ?”

“डावीकडे.”

“आणि मग?”

“मग परत डावीकडे. दिवसभर डावीकडे.”

विश्रामरावांनी तिच्याकडे बघितलं. “अक्का, सगळं पुण्य संपेल तुझं. पुढच्या जन्मासाठी थोडं ठेव की.”

“पुढच्या जन्मी तू भाऊ मिळशील की नाही कुणाला ठाऊक,” अक्का म्हणाली. “वळव.”

विश्रामरावांनी गाडी डावीकडे वळवली.