ओढ्याची बदली

कुरणवाडीच्या शाळेत तिसरीला परिसर अभ्यास हा विषय गावचा ओढाच शिकवायचा. प्रार्थना संपली की तो मागच्या दाराने वर्गात येई, बाकांखालून वाहत राही आणि शाळा सुटली की आपल्या वाटेने जाई. मे महिन्यात तो आटायचा, पण तेव्हा सगळेच शिक्षक सुट्टीवर असतात, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. पुस्तक तो कधी उघडत नसे. त्या दिवशी अंगात जे असेल ते शिकवी, आणि मुलं पाय सोडून शिकत.

मुख्याध्यापिका मालन लोहार यांना याचा फार अभिमान होता. पुढे याच शिकवण्याने घात केला.

केंद्रप्रमुख माणगावेसाहेब तपासणीला आले. पाय ओले होऊ नयेत म्हणून ते टेबलावर बसले आणि त्यांनी तमन्ना मुल्लाला उभं केलं.

"सांग बाळ, पाणी कसं असतं?"

"सोमवारी जांभळं असतंय सर. मंगळवारी हिरवं. बेस्तरवारी फेस येतोय आन् लई वास मारतोय."

"आणि चव?"

"आई प्यायचं न्हाई म्हणत्या. म्हस प्याली हुती आमची. मेली."

साहेबांनी पुस्तक उघडलं. पाणी रंगहीन, गंधहीन व चवहीन असते, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. त्यांनी सगळ्या पोरांना विचारलं. उत्तर तेच आलं. अख्खा वर्ग नापास झाला आणि अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवल्याचा ठपका ओढ्यावर आला.

लोहारबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, वर भूपालअण्णांचा कापड रंगवायचा कारखाना आहे. तिथलं सगळं ह्या ओढ्यात उतरतं. मग गुरुजीनं खोटं शिकवायचं व्हय?"

"कारखाना भूगोलात येतो बाई. विषयांची सरमिसळ करू नका."

मग साहेबांनी ओढ्याकडे खुलासा मागितला. मंगळवार होता. ओढा हिरवा वाहत राहिला. खुलासा हिरवा असून समाधानकारक नाही, असा शेरा मारून साहेबांनी त्याला सेवेतून कमी करण्याचं ठरवलं.

आता मात्र बाईंना पुढचं सगळं दिसलं. नोकरी गेलेला ओढा हा ओढा राहत नाही. नियमाने त्याचं गटार होतं, आणि गटारात काय सोडलं हे कुणी कुणाला विचारत नाही. भूपालअण्णा मगदूम शाळा समितीचे अध्यक्षच होते. ओढ्यावर घालायच्या फरश्या त्यांनी शाळेच्या भिंतीला आधीच लावून ठेवल्या होत्या.

"काढू नका साहेब. बदली करा," बाई म्हणाल्या.

"कुठे? जागा रिकामी पाहिजे."

जागा बाईंना ठाऊक होती. टेकडीवर अण्णांनी नवी इंग्रजी शाळा काढली होती. त्यांची नात रिद्धिमा तिथेच तिसरीत होती. फाटकावर मोठा बोर्ड होता: निसर्गाच्या सहवासात शिक्षण, अनुभवी शिक्षक पाहिजेत. साहेबांना प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

घरी जाताना बाई दात ओठ खात होत्या. नातीचे मोजे एकदा जांभळे होऊ देत, मग बघू कारखान्याचा पाइप कसा चालू राहतो. दुसऱ्याच्या लेकरांचे पाय सोलून निघाले तरी ज्याला काही वाटत नाही, त्याला स्वतःच्या नातीचं तरी वाटेल, असा त्यांचा हिशेब होता.

सोमवारी ओढा टेकडी चढून रुजू झाला. कारखान्यावरून वळसा घेऊन गेला, कारण त्याची वाट तीच होती. पाणी उतारानं वाहतं हे खरं, पण आदेश असल्यावर तो प्रश्न येत नाही.

वर्षअखेरीस साहेब तिथेही तपासणीला गेले. भूपालअण्णा पहिल्या रांगेत बसले होते. साहेबांनी मुद्दाम रिद्धिमालाच उभं केलं.

"पाणी कसं असतं, बेटा?"

"आज जांभळं आहे. उद्या हिरवं असेल." मग ती अण्णांकडे वळली. "आजोबा, माझे पाय खूप खाजतात."

अण्णांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं. अण्णांची नात नापास होणं शक्य नव्हतं. कारखान्याचा पाइप बंद होणंही शक्य नव्हतं. राहता राहिलं पुस्तक.

जूनमध्ये नवी पुस्तकं आली. पाणी सोमवारी जांभळे, मंगळवारी हिरवे व गुरुवारी फेसाळ असते, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. रिद्धिमासाठी अण्णांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले.

कुरणवाडीच्या तिसरीत आता बाकांखाली नुसते कोरडे गोटे होते. मागच्या वर्षी नापास झालेली पोरं त्याच बाकांवर बसली होती. चाचणीत तोच प्रश्न आला आणि तमन्नानं मागचंच उत्तर लिहिलं. तपासताना लोहारबाईंनी लाल पेनानं अशी खूण ओढली की कागद फाटून खाली टेबलावर ओरखडा उठला.

तमन्ना घाबरून जवळ आली. "बाई, आवंदाबी चुकलं व्हय?"

"न्हाई गं," बाई म्हणाल्या. "आवंदा बरोबर हाय. पैकीच्या पैकी."