सारवण्याची परवानगी

उत्तर ध्रुवाजवळचं एक तळं मंगळवारी सकाळी आमच्या हिवताप कार्यालयात आलं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिलं. अर्जासाठी मी त्याला कागद दिला. तो भिजला, म्हणून म्हणणं तोंडीच घेतलं.

म्हणणं सरळ होतं. १९७१ साली आमच्या खात्याने घरांच्या भिंतींवर फवारलेली डीडीटी वाऱ्यावर बसून त्याच्या गाळात जाऊन मुरली होती. सोबत खात्याची सूचनाही पोचली होती: फवारलेली भिंत पुढील आदेशापर्यंत सारवू नये. तळ्याने ती इमानाने पाळली. चोपन्न वर्षं त्या थरावर नवा गाळ बसू दिला नाही. विष उघडंच राहिलं. तिथून ते माशांत गेलं आणि माशांतून सीलच्या दुधात उतरलं.

"यंदा एकही पिल्लू जगलं नाही," तळं म्हणालं. "आता सारवू का?"

पुढील आदेश कधी निघालाच नव्हता. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, ते लोक आशावादी असावेत. नियमाप्रमाणे परवानगी फवारणाऱ्यानेच द्यायची. थरावर गेरूने सही होती मार्तंड लोहकरे यांची. वय ब्याऐंशी. निरोप धाडला, तसे ते आले. सोबत बायको अनसाबाई होत्या.

या दोघांचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच साली गौरीच्या सणाला अनसाबाईंनी फवारलेली भिंत सारवली, औषध शेणाखाली झाकलं गेलं, डास वाचले आणि पंधरा दिवसांत त्यांची तीन वर्षांची सुली हिवतापाने गेली. तेव्हापासून मार्तंडराव बायकोशी बोलले नव्हते. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यासाठी पोटात तुटायचंही.

"सारवू नगा म्हणून घसा फोडून सांगितलं हुतं म्या," मार्तंडराव तळ्याला म्हणाले. "हिनं ऐकलं न्हाई. पोर गेली."

"मी ऐकलं," तळं म्हणालं. "माझीही गेली."

मार्तंडरावांनी पेन मागितलं आणि 'सारवण्यास हरकत नाही' असं लिहून सही केली.

"अनसा," ते म्हणाले, "तुजा हात भिंतीवर लई चांगला बसायचा. जाशील का ह्याच्यासंगं?"

अनसाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. आम्ही कोणी त्यांना गप्प केलं नाही.

"तुमीबी चला," शेवटी त्या म्हणाल्या. "शेणमाती कोण कालवंल?"

तिघं पावणेबाराच्या एसटीने गेले.